थोरले तीन, धाकटे तीन

सुइफांगला तिच्या जावेचं सगळंच खुपायचं. जावेचा लोकरी कोट खुपायचा, दुकानात जावेला मिळालेली हीटरजवळची जागा खुपायची, आणि सगळ्यांत जास्त खुपायचा तो जावेचा नवरा. खरं तर देशंगमध्ये खुपण्यासारखं काही नव्हतं. जाडा, घुम्या, जेवतानाही टीव्हीकडेच बघणारा माणूस. पण तो रोज संध्याकाळी घरी असायचा. सुइफांगचा नवरा देखुन, म्हणजे देशंगचा धाकटा भाऊ, दूर ओहायोमध्ये एका चिनी खाणावळीच्या भटारखान्यात कढई हलवायचा आणि महिन्या-दीड महिन्यातून कधीतरी बसने घरी यायचा.

"जाऊबाईंचं बरंय," सुइफांग म्हणायची. "घरातला दिवा गेला की नवऱ्याला हाक मारायची. आम्ही आपलं अंधारात बसायचं. आमचा दिवा लावणारा ओहायोत."

हे ती जावेला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणायची. बाओलान, म्हणजे थोरली जाऊ, ऐकून घ्यायची. हीटर आणखी थोडा आपल्याकडे ओढून घ्यायची.

इथल्या चिनी वस्तीत, आठव्या अॅव्हेन्यूवर, त्यांचं मासळीच्या गोळ्यांचं दुकान आहे. दुकानाच्या दारातच, जिन्याखाली, माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल. मधे एक फळी. त्यामुळे फळीपलीकडचं सगळं मला ऐकू येतं, ऐकायचं नसलं तरी. मी या दोघींच्या सासऱ्याचा गाववाला. तो गेला, पण सासूबाईंनी मला दारातून उठवलं नाही. सणावारी वर जेवायलाही बोलावतात.

आमच्या गावमंडळाच्या नववर्षाच्या अंकात काहीतरी लिहा, असं दवाखान्यातल्या रुआन सिस्टरने मला सांगितलं. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. मी आजवर जास्तीत जास्त 'उद्या दुकान बंद' एवढंच लिहिलंय. ती म्हणाली, "थांगकाका, ऐकलंय तेवढंच लिहा. आपल्या लोकांना परक्याचं सांगून पटत नाही, ओळखीच्या माणसाचं पटतं." म्हणून मी सुइफांगला विचारलं. ती म्हणाली, "लिहा की. नाव घालून लिहा. फक्त जाऊबाईंबद्दल माझ्यापेक्षा जास्त लिहू नका."

तसा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

हिपॅटायटिस बी हे नाव आमच्यात कुणी उच्चारत नाही. काविळीच्या जातीचा आजार, यकृतात घर करून बसतो आणि वर्षानुवर्षं काही बोलत नाही. चीनमध्ये मिन नदीच्या मुखाशी आमची गावं आहेत, तिथे तो घरोघर होता. बहुतेकांना आईकडून जन्मताच आलेला. रक्त तपासलं की तीन खुणा उमटायच्या. कुठल्या तीन, यावरून गावाकडे दोन नावं पडली होती. एका जुळणीला म्हणायचं थोरले तीन, दुसरीला धाकटे तीन. थोरले निघाले की माणूस मेल्यासारखं तोंड करून घरी यायचा, कारण कारखान्यात कुणी घेत नसे, लग्न मोडायचं. धाकटे निघाले तर आई देवापुढे उदबत्ती लावायची. धाकटे म्हणजे किरकोळ, धाकटे म्हणजे सुटलो, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. कुणी ठरवलं कोण जाणे. नावातच तसं होतं ना.

आता योग असा की या घरात थोरल्या सुनेला थोरले तीन होते आणि धाकटीला धाकटे.

"देवानेसुद्धा मानपान सांभाळलाय," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि मग त्यांनी बाओलानची वाटी आणि जेवायच्या काड्या वेगळ्या केल्या. काड्यांना लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून कुणी उचलायला नको. सुइफांगच्या काड्या मात्र सगळ्यांच्या काड्यांत, बांबूच्या नळीत. कितीतरी वर्षं हे चाललं. सुइफांग वर जेवायला बसली की आधी त्या नळीत हात घालून खळखळ आवाज करायची. आपली जोडी शोधतेय असं दाखवायची. जोड्या सगळ्या एकसारख्याच होत्या.

एकदा मला म्हणाली, "काका, धाकटी म्हणून मला जन्मभर उरलंसुरलं मिळालं. खोली मागची, कोट जुना, बसायला दारातला वारा. एवढं एकच धाकटेपण फायद्याचं निघालं."

मग बाओलान थकायला लागली. जिना चढली की कठड्याला धरून उभी राहायची. त्याच हिवाळ्यात गावमंडळाच्या हॉलमध्ये रुआन सिस्टरने रविवारी फुकट रक्ततपासणी ठेवली होती. रुआन आमच्याच भागातली, आमची बोली बोलणारी. पहिल्या रविवारी कुणी फिरकलं नाही. सगळ्यांना एकच भीती, कुणी बघितलं तर? आणि या घराला तर जास्तच, कारण खाण्याचं दुकान. गिऱ्हाइकाला कळलं तर गोळे कोण घेणार? बाओलान डोक्याला रुमाल बांधून मागच्या दाराने गेली. ज्या बाया तिच्याआधी मागच्या दाराने आल्या होत्या त्यांनीही रुमाल बांधले होते, आणि सगळ्या एकमेकींना ओळखून भिंतीकडे बघत बसल्या होत्या, असं तिने नंतर सांगितलं.

काही दिवसांनी रुआन स्वतः घरी आली. मी वरच होतो, सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ लावायला गेलो होतो. जेवणं चालली होती, रुआनने लाल दोऱ्याच्या काड्या बघितल्या.

"आजी, हे कशाला?"

"तिचे थोरले आहेत ना."

"हा आजार जेवणातून लागत नाही, आजी. वाटीतून नाही, काड्यांतून नाही, एका ताटात जेवून नाही. दुकानातल्या गोळ्यांतून तर नाहीच नाही. रक्तातून लागतो, नवराबायकोत लागतो, आईकडून बाळाला लागतो."

सासूबाईंनी त्या काड्या हातात घेतल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच वेगळी भांडी घासली?"

"हो. उगाच."

"मग आधी नाही का यायचं, मुली? माझे हात सोलले."

त्यांनी तिथल्या तिथे दोरा तोडला आणि त्या काड्या नळीत टाकल्या. बाओलान खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आणि सुइफांगने, मी बघितलं, आपलं जेवण अर्धं टाकलं.

रुआन तिच्याकडे वळली. "ताई, तुम्ही पण एकदा येऊन जा."

"माझे धाकटे आहेत."

"धाकटे हे नुसतं नाव आहे. त्यातही विषाणू वाढतो, यकृत आतून बिघडतं, कळत नाही. तुमच्या माहेरी कुणाला यकृताचं काही?"

"वडील गेले. पोटात पाणी होऊन."

"कशाने?"

"दारूने."

"फार प्यायचे?"

सुइफांगने जरा विचार केला. "नववर्षाला एक पेला."

रुआन नुसती तिच्याकडे बघत राहिली. सुइफांग तिच्यावरच उखडली. "अशी काय बघतेस? तुमच्या दवाखान्याला माणसं कमी पडतात म्हणून आम्ही यायचं का? जाऊबाईंना घेऊन जा. त्यांना मानपान आवडतो."

रक्ताचा निकाल बघून बाओलानला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं. ज्या दिवशी जायचं त्या सकाळी देशंगने दुकान बंद ठेवलं. हे दुकान नववर्षाशिवाय कधी बंद राहिलं नव्हतं. सासूबाईंनी सुखरूप शेवया केल्या. आमच्याकडे कुणी लांब जाणार असेल, लांबून आलं असेल किंवा मोठ्या दुखण्यातून उठलं असेल तर या शेवया करतात, वर बदकाची दोन अंडी घालून. मी पण एक वाटी खाल्ली. सुइफांग खाली येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"देखुन ओहायोला जातो तेव्हा त्याला सुखरूप शेवया. बरोबर आहे, लांब जातो. जाऊबाई चार स्टेशनं जाणार, संध्याकाळी परत येणार, त्यांनाही शेवया. मी कुठे जातच नाही, काका. मला कोण करणार?"

मी भिंग डोळ्याला लावून बसलो. मला असल्या वेळी काय बोलायचं ते कधीच सुचत नाही.

बाओलानला रोज एक गोळी सुरू झाली. ही गोळी ती सकाळी दुकानातच घ्यायची, सासूबाई कोमट पाणी घेऊन शेजारी उभ्या. आणि मग दिवसभर डॉक्टर. डॉक्टर म्हणतात रक्त सुधारतंय. डॉक्टर म्हणतात तुमच्यासारखं नेमाने औषध घेणारं कुणी नाही. डॉक्टर म्हणतात दारूचा थेंब नको. सुइफांग फळीपलीकडून तिची नक्कल करायची. "डॉक्टर म्हणतात श्वास घ्या. डॉक्टर म्हणतात सोडा. डॉक्टर म्हणतात धाकट्या जावेला दारात बसवा."

रागात असली की तिचे गोळे फार छान व्हायचे. वाम माशाचा खिमा डाव्या मुठीत घ्यायचा, मधे डुकराच्या मटणाचं सारण दाबायचं, मूठ आवळली की अंगठ्याच्या वरून गोळा डोकं काढतो, तो चमच्याने उचलून पाण्यात सोडायचा. बाओलानचा एक होईतो हिचे दोन व्हायचे. पाण्यात पडताना टप् टप् आवाज यायचा, तो आवाज ऐकून मला कळायचं, आज जावेचं कौतुक झालेलं दिसतंय.

वर्षभर असंच गेलं. मग एका दुपारी बाओलान रुग्णालयातून आली ती दारातूनच ओरडत आली.

"आई! थोरल्यांचे धाकटे झाले!"

"काय झाले?"

"माझे तीन! थोरले होते ना, ते धाकटे झाले. औषधाने. डॉक्टर म्हणतात असं होतं काहीकाहींचं."

सासूबाई उदबत्ती शोधायला धावल्या. देशंग चक्क हसला. टप् टप् थांबलं.

"असं कसं होईल?" सुइफांगचा आवाज आला. "थोरलं ते थोरलं."

"झालं खरं."

"म्हणजे आता तुमचे आणि माझे सारखे?"

"सारखे कुठे? माझा विषाणू मोजायला गेले तर सापडतच नाही म्हणे." बाओलान त्या दिवशी इतकी आनंदात होती की आपण काय बोलतोय हे तिच्या लक्षातच आलं नाही. "तुझा कधी मोजलास?"

सुइफांग एप्रन न काढताच माझ्याकडे आली. हात खिम्याने पांढरे.

"काका, धाकट्यातही कमी-जास्त असतं?"

"मला नाही माहीत बाई."

"आता धाकटे झाले तरी ती गोळी सोडणार नाही म्हणे. वर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जाणार. किरकोळ झालं तर मग जायचं कशाला?"

"डॉक्टर सांगत असतील."

"काहीतरी मिळत असणार तिकडे. उगाच नाही जात कुणी." ती तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "उद्या तुमचं टेबल बंद ठेवता येईल?"

अशी ती दवाखान्यात गेली. आजाराच्या भीतीने नाही आणि रुआनने समजावलं म्हणूनही नाही. जावेपेक्षा आपले कमी आहेत हे सिद्ध करायला गेली. जिन्यात मला विचारलं, "इथे राहायचे कागद-बिगद मागणार नाहीत ना?" मी रुआनकडून आधीच विचारून ठेवलं होतं. "नाही मागणार," म्हटलं.

आत गेल्यावर तिने बाही वर केली आणि रुआनला म्हणाली, "माझे मोजा. आणि जाऊबाईंच्या शेजारी ठेवून सांगा कुणाचे कमी."

"त्यांचं मी तुम्हाला नाही सांगू शकत, ताई. तसा नियम आहे."

"मग माझंही तिला सांगू नका."

"नाही सांगणार."

"कमी निघाले तर सांगा."

रुआनने हसू दाबलं आणि सुई लावली. तिथेच पोटाची सोनोग्राफीही झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत बराच वेळ लागला. सुइफांग बाहेर आली तेव्हा पोटावरचा चिकट मलम पुसत होती. म्हणाली, "ती मुलगी एकाच जागी फिरवत बसली. नवी असणार."

ती नवी नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो, यंत्रात घालून तिचे आणखी फोटो काढले. रुआन बरोबर आली होती, डॉक्टरचं बोलणं आमच्या बोलीत सांगायला. विषाणू भरमसाट होता. आणि यकृतात एक गाठ होती. बोराएवढी.

"कॅन्सर आहे," रुआनने सांगितलं. शब्द फिरवला नाही तिने, मला ते आवडलं. "पण लहान आहे, एकच आहे, वेळेवर दिसलीय. बाहेरून सुई घालून जाळता येते. आणखी वर्षभराने आला असतात तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहिलं नसतं."

सुइफांगने एकच प्रश्न विचारला. "जाऊबाईंना गाठ आहे?"

"ताई..."

"नसणार. असती तर त्यांनी सांगितलं असतं." ती उठून उभी राहिली. "थोरले त्यांचे, गाठ मला. आहे न्याय?"

परतीच्या वाटेवर तिने मला बजावलं, घरी एक अक्षर बोलायचं नाही. देखुनला नाही, सासूबाईंना नाही, आणि जाऊबाईंना तर मेले तरी नाही. "रुमाल घेऊन रडायला बसतील त्या माझ्यापुढे. वरून डॉक्टर म्हणतात, डॉक्टर म्हणतात. काका, मी गाठ सोसेन. ते सोसणार नाही."

मी हो म्हटलं. आणि मग टेबलाशी बसून माझे हात कामात राहीनात. रुआनचे फोन येत होते. तारीख द्यायची होती. सुइफांग फोन उचलत नव्हती. मी तिला दारात गाठून म्हणायचो, "सिस्टर थांबलीय," तर म्हणायची, "थांबू दे. सणाची गर्दी होऊन जाऊ दे." सण गेला. मग म्हणाली, देखुन येऊन जाऊ दे. देखुन येऊन गेला. त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या पिशवीत मोजे घडी करून घातले आणि बसपर्यंत पोचवून आली. मला सारखं वाटायचं, ती गाठ माझ्याच पोटात आहे आणि मी दिलेल्या शब्दाने ती वाढतेय. पण तोंड उघडायचं धैर्य झालं नाही. माझं कधीच होत नाही.

शेवटी ते गोळ्यांवरून बाहेर आलं. सुइफांगचे गोळे बिघडायला लागले होते. एक लहान, एक लांबट, एकातून सारण बाहेर. बाओलानने दोन-तीनदा न बोलता ते बाजूला काढले. एका सकाळी बोलली.

"अगं, लक्ष कुठेय तुझं? हे विकायचे का?"

"नका विकू. तुम्ही करा. तुमचं सगळंच चांगलं."

"मी साधं विचारलं."

"तुम्ही साधंच विचारता. विषाणू मोजलास का, हेही साधंच विचारलं होतंत. मोजला! जाऊन मोजून आले! तुमच्या दसपट, शंभरपट, काय म्हणाली ती, मोजायची सोय नाही इतका! आणि गाठ आहे. कॅन्सरची. झालं समाधान? सांगा आता डॉक्टर काय म्हणतात!"

फळीपलीकडे काही क्षण नुसतं पाणी उकळत होतं. मग बाओलानने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"कधी जायचंय?"

"मी जाणार नाही."

"का?"

"तुझा डॉक्टर आहे तिथे."

"मग दुसरा बघू."

"दुसरा वाईट निघाला तर?"

"मग माझाच घे."

"मला नको तुझा उष्टा डॉक्टर."

"अगं बये, मी काय त्याला चावलेय का?"

आणि मग सुइफांग रडायला लागली. मी तिला तोवर कधी रडताना ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला नको म्हणून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बाओलान काउंटरमागे उभी राहून फोनवर कुणाला तरी झापत होती. "बस नसेल तर चालत ये! कढई दुसऱ्याच्या हातात दे आणि ये."

सुइफांग सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तू कशाला फोन केलास?"

"तू केला नाहीस म्हणून."

"पहिल्याच वेळी उचलला त्याने?"

"हो."

"माझा उचलत नाही पहिल्या वेळी."

गाठ जाळायच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून चुलीशी होत्या. सुइफांगपुढे वाटी आली. त्यात बदकाची तीन अंडी होती. बाओलानने वाकून मोजली.

"आई, माझ्या वेळी दोन होती."

"तुझं एवढं मोठं नव्हतं."

बाओलानने तोंड फिरवलं. सुइफांगला गिळवत नव्हतं, तरी तिने तिन्ही अंडी खाल्ली. एकही ठेवलं नाही.

रुग्णालयात बाओलानला सगळं ठाऊक होतं. कोणती लिफ्ट, कुठल्या खिडकीशी बोलायचं, पाण्याचं मशीन कुठे. ती पुढे, आम्ही मागे. देखुन सारखा आपले तळहात पँटला पुसत होता. स्ट्रेचरवर झोपल्या-झोपल्या सुइफांग मला म्हणाली, "बघितलंत? इथेही यांचीच घाई." तिला आत नेलं तेव्हा तीच बाओलान भिंतीला टेकली आणि खाली बसली. तिचा एप्रन काढायचा राहिला होता. कोटाच्या खालून त्याचे बंद लोंबत होते. बाहेर आम्ही तिघे बसलो.  मला माझ्या बायकोची आठवण आली. तिच्या वेळी बाहेर मी एकटाच होतो. आत असलेल्या सुइफांगचा मला हेवा वाटला, हे लिहायला विचित्र वाटतं, पण वाटला खरा.

गाठ जळाली. सुइफांगला बाओलान घेते तीच गोळी सुरू झाली. आता सकाळी सासूबाई कोमट पाण्याचे दोन पेले आणायच्या, आणि कुणाला आधी दिला यावर दोघी डोळा ठेवून असायच्या.

रुआनने देखुनलाही सोडलं नाही. त्याचं रक्त घेतलं. त्याला आजार नव्हता, आणि आजारापासून संरक्षणही नव्हतं. लहानपणी कुणी लस दिलीच नव्हती. तीन इंजेक्शनं घ्यायला लागणार होती, आज एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी शेवटचं.

सुइफांगला ते अजिबात आवडलं नाही. "इतकी वर्षं संसार केला माझ्याशी आणि याला काहीच लागलं नाही?"

"ओहायोत बसून लागणार कधी?" बाओलान म्हणाली.

सासूबाईंच्या हातातला पेला हिंदकळला. देखुन कानापर्यंत लाल झाला. मी भिंग शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो.

इंजेक्शनांच्या निमित्ताने त्याचं येणं वाढलं. पहिलं झालं, दुसरं झालं. मधल्या महिन्यांत तो आला की तिसऱ्याची चौकशी सुइफांगच करायची. "अजून आहे ना एक बाकी?" आणि आहे म्हटल्यावर कामाला लागायची. तिकडे त्याच्या खाणावळीत एक बाई नव्याने कामाला लागल्याचं तिला कुठूनतरी कळलं होतं. "गल्ल्यावर बसते की भटारखान्यात?" तिने त्याला विचारलं. "गल्ल्यावर." "तरुण आहे?" "नातवंडं आहेत तिला." "तरुणपणीही नातवंडं असतात कुणाकुणाला," ती म्हणाली, आणि त्या दिवशी गोळे फार सुबक झाले.

तिसरं इंजेक्शन त्याने घेतलं त्याच आठवड्यात तिची सोनोग्राफी होती. तिथे ती मला घेऊन गेली. देखुनला नेलं नाही. त्याला परतीची बस होती, तिकीट काढून पिशवी दाराशी ठेवलेली होती.  या खेपेला ती यंत्र फिरवणाऱ्या मुलीबद्दल काही बोलली नाही. बाकावर बसून पायाने पाय दाबत राहिली. रुआन आतून आली ती मान हलवतच आली. काही नाही. जुन्या जागी डाग आहे फक्त, नवं काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, आणि असं बघतच राहायचं.

"नक्की बघितलं ना नीट?" सुइफांगने विचारलं.

"नीट बघितलं."

आम्ही परत निघालो. रस्ता ओलांडताना तिने माझी बाही धरली होती, ती दुकानापर्यंत सोडली नाही.

आम्ही आत शिरलो तर देखुन तिच्या स्टुलावर बसला होता. त्याच्यासमोर बाओलान. बस सुटायला वेळ होता म्हणून ती त्याला गोळे करायला शिकवत होती. त्याच्या डाव्या मुठीतून खिमा चहूकडे निघाला होता आणि दोघं पोट धरून हसत होती.

सुइफांग दारात थांबली. "काय चाललंय?"

"आलीस?" बाओलानचं हसू एकदम मावळलं. "काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. स्वच्छ आहे."

बाओलान खुर्चीवर बसली ती बसलीच. दोन्ही हात खिम्याचे, म्हणून डोळे पुसायला दंड वर नेला. वरून सासूबाईंनी ओरडून विचारलं, काय झालं, काय झालं. देखुन उठायला लागला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते त्याला सुचत नव्हतं. मला ते कळलं. मलाही सुचत नाही.

"बस खाली," सुइफांग त्याला म्हणाली. "आणि तिच्याकडून शिकायचं नाही. ती मुठीत फार खिमा घेते. म्हणून असे चेपके होतात."

"अगं, मी नुसता बस सुटेपर्यंत..."

"बस गेली."

देखुनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते मीच लावलेलं आहे, बरोबर चालतं. "अजून तर तास आहे."

"गेली म्हटलं ना."

तिने कोट खुंटीला अडकवला, बाही वर केली, त्याच्या मुठीतला सगळा खिमा काढून टाकला आणि त्यात नवा, नेमका तेवढाच, भरला.